दशम्या गेटवर राहिल्या आणि तीन सेंटिमीटर कमी पडले

प्रश्न (थोडक्यात) : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण एका मोठ्या थीम पार्कला जाऊन आलो. मी, माझे मिस्टर, अकरा वर्षांची मुलगी, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पहाटे पाचला निघालो, रात्री साडेअकराला घरी आलो. महिनाभर मी तयारी करत होते. कुठली राइड किती वाजता, हे वहीत लिहून नेलं होतं. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्यांनी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून गेटवर डबा अडवला, आणि पार्किंग लांब असल्यामुळे दशम्या तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात गेल्या. मुलाला ज्या राइडचं वेड होतं तिथे 120 सेंटिमीटर उंची लागते, तो 117 भरला. दुसऱ्या एका राइडसाठी एक तास वीस मिनिटं रांगेत उभे राहिलो आणि पुढे दहा-बारा माणसं उरली असताना ती बंद पडली. मिस्टर तिथल्या मुलावर ओरडले. निघताना साडेचारशे रुपयांच्या लाइटच्या तलवारीवरून पार्किंगमध्ये आमच्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. सगळे मिळून चौदा हजार गेले. मिस्टर म्हणतात, पुन्हा नाव काढू नका. मुलीचा वाढदिवस जानेवारीत आहे आणि तिला पुन्हा तिथेच जायचं आहे. मुलाने शाळेत ‘माझी सुट्टी’ म्हणून चित्र काढलं, त्यात तो उंची मोजायचा खांब आणि शेजारी स्वतःला काढलं. ते बघून मला रडू आलं. सगळं मीच ठरवलं होतं, त्यामुळे जे बिघडलं ते माझ्यामुळेच. पुन्हा जावं का?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि कशाला किती ओळी दिल्यात ते मोजत गेले. दशम्यांना अकरा ओळी. बंद पडलेल्या राइडला नऊ. पार्किंगमधल्या भांडणाला जवळजवळ एक पान. आणि तुमची लेक बाबांचा हात घट्ट धरून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसली, उतरली तेव्हा केस पिंजारलेले, आवाज बसलेला, आणि ‘पोटात गोळा आला, पोटात गोळा आला’ म्हणत नाचत तुमच्याकडे आली, याला दीड ओळ. सासूबाई छोट्या आगगाडीत नातवाशेजारी बसल्या आणि बोगद्यात शिरताना त्याच्याबरोबर मोठ्याने ‘कूऽऽ’ ओरडल्या, याला अर्धी ओळ, तीही कंसात.

थकून आलेलं माणूस असंच लिहितं, त्यात तुमची चूक नाही. पण ओळी मोजताना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही स्वतः कुठल्या राइडमध्ये बसलात? सगळ्या पत्रात ते कुठेच नाही. तुम्ही रांगेत आहात, तिकिटं सांभाळताय, पाण्याच्या बाटल्या भरताय, धाकट्याचं नाक पुसताय, वही उघडून ‘चला, आता इकडे’ म्हणताय. कोणाचा हिरमोड झाला, कोण खूश झालं, याची नोंद तुम्ही प्रत्येकासाठी ठेवली आहे. तुमच्या स्वतःच्या नावापुढे काहीच नाही. तुम्हाला त्या दिवशी काय हवं होतं, हे तुम्हाला तरी कोणी विचारलं का? आणि तुम्ही कोणाला सांगितलंत का?

‘सगळं मीच ठरवलं, त्यामुळे बिघडलं ते माझ्यामुळे’ हे तुमचं वाक्य आधी तपासून पाहू.

थीम पार्क ही कल्पना जगभर ज्यांनी लोकप्रिय केली, त्यांचं पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं. खास आमंत्रितांचा दिवस होता, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. बनावट तिकिटं घेऊन हजारो जास्तीचे लोक आत आले. नुकत्याच घातलेल्या डांबराचा रस्ता उन्हाने मऊ झाला आणि बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. वर्षभर राबणारी माणसं, हाताशी इंजिनिअर, भरपूर पैसा, आणि तरी हे झालं. तुमच्याकडे एक वही होती आणि महिनाभराच्या मोकळ्या वेळातली खटपट होती. ऊन, गर्दी, बंद पडलेली राइड, गेटवरचा नियम, मुलाच्या हाडांची वाढ, यातलं काय तुमच्या वहीच्या हातात होतं?

वहीत एक गोष्ट मात्र चुकली असावी असं मला वाटतं. पत्रासोबत तुम्ही त्या पानाचा फोटो जोडलाय. दहा ते सहा या वेळात तेरा राइड, दोन शो आणि जेवण. आता हा हिशेब करू, कारण तो सगळ्याच वाचकांच्या उपयोगाचा आहे. समजा एका गाडीत वीस माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला सहाशे माणसं. तुमच्यापुढे रांगेत सहाशे माणसं असतील तर तुमचा एक तास गेला, कितीही चपळाई केली तरी. सुट्टीच्या दिवशी मोठ्या राइडपुढे अशी रांग सहज असते. आठ तासांतून जेवण, स्वच्छतागृह, चालणं आणि लहान मुलाची एक झोप वजा केली, तर चार-पाच मोठ्या राइड आणि तितक्याच छोट्या, एवढंच हाती लागतं. तेरा राइड आणि दोन शो त्या दिवशी कोणालाच जमले नसते. म्हणजे तुम्ही सकाळी गेटमधून आत शिरलात तेव्हाच तुमच्या वहीने तुम्हाला नापास करून ठेवलं होतं.

आणि तेरा का लिहिल्या होत्या, हेही तुमच्या पत्रात आहे. ‘एवढे पैसे भरलेत तर वसूल व्हायला नकोत का?’

पैसे वसूल व्हावेत असं वाटण्यात काही गैर नाही. तुमच्या घरात चौदा हजार ही मोठी रक्कम आहे, ती बाजूला काढायला सहा महिने लागले, हे तुम्ही लिहिलंय आणि ते मी हलक्याने घेत नाही. पण तिकिटाचे पैसे सकाळी खिडकीवरच गेले. त्यानंतर चार राइड घेतल्या किंवा चौदा, ते परत येणार नव्हते. वाचवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पाच जणांचा जीव. ‘अजून तीन बाकी आहेत, चला चला’ म्हणत दुपारी चारला, पाय सुजलेले असताना, तुम्ही सगळे त्या शेवटच्या मोठ्या रांगेत उभे राहिलात. धाकटा रडकुंडीला आला होता, हे तुम्हीच लिहिलंय. त्या वेळी खरं तर झाडाखाली बसून लिंबू सरबत प्यायला हवं होतं.

आता त्या बंद पडलेल्या राइडबद्दल. तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो. एक तास वीस मिनिटं आणि पुढे दहा-बारा माणसं, म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला. पण तिथे नेमकं काय होतं ते कळलं तर पुढच्या वेळी राग थोडा कमी येईल. मोठ्या रोलर कोस्टरचा रूळ तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो आणि एका वेळी एका तुकड्यात एकच गाडी राहील अशी व्यवस्था असते. आपल्या लोकलला पुढचा सिग्नल लाल असला की ती स्टेशनच्या अलीकडे उभी राहते, तसंच. गाडी कुठे आहे हे सांगणारे सेन्सर जागोजाग असतात. एखाद्या सेन्सरने ठीक उत्तर दिलं नाही, एखाद्या सीटचा दांडा नीट लागल्याची खूण आली नाही, की यंत्रणा आपणहून सगळं थांबवते. मग तंत्रज्ञ येऊन तपासतात, रिकामी गाडी फिरवून बघतात. हे दहा मिनिटांत होऊ शकतं, दोन तासही लागू शकतात. गणवेशातल्या त्या विशीतल्या मुलाच्या हातात यातलं काहीच नव्हतं. ‘कधी चालू होईल’ याचं उत्तर त्याला माहीत असतं, तर शिव्या खाण्याऐवजी त्याने ते दिलं असतं. राइड बंद पडली म्हणजे त्या दिवशी सुरक्षेची यंत्रणा आपलं काम करत होती. हे मुलांना सांगा, मुलीला तर हे समजून घ्यायला आवडेल. आणि मिस्टरांनी मुलांसमोर एकदा एवढंच म्हणावं, ‘मी त्या दादावर उगाच ओरडलो.’ तो मुलगा ते ऐकायला इथे नाही, पण तुमची दोन्ही मुलं आहेत, आणि त्यांनी ते ओरडणं पाहिलेलं आहे.

रांगेत माणूस का वैतागतो यावर व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी 1985 साली एक लेख लिहिला होता, आजही लोक त्याचा आधार घेतात. किती वेळ लागेल हे माहीत असलं तर थांबणं सोसतं, माहीत नसलं तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. कारण कळलं नाही तर आणखी लांब वाटतो. हात रिकामे असले तर अजूनच. म्हणून रांगेत शिरण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून बघा, एका गाडीत किती जण बसतात, किती वेळाने सुटते, पुढे साधारण किती माणसं आहेत. हा हिशेब अकरा वर्षांच्या मुलीला करायला द्या. ती पाढ्यांचा उपयोग पहिल्यांदा आनंदाने करेल, आणि ‘पाऊण तास’ हे उत्तर तिचं स्वतःचं असल्यामुळे तो पाऊण तास तिला जड जाणार नाही. धाकट्यासाठी रांगेत खेळायचे खेळ आधीच ठरवून न्या. अंताक्षरी, गाव-नाव-फळ-फूल, काहीही. मोबाइल शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा, नाहीतर बॅटरी आणि मुलगा दोन्ही एकदमच संपतात.

तुम्ही विचारलंय की मुलगी शाळेत मैत्रिणींना ‘सगळ्यात भारी दिवस’ म्हणून सांगते आणि मिस्टरांना तोच दिवस शिक्षा वाटते, हे कसं? दोघंही खरं बोलताहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना एकदा 60 सेकंद 14 अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत येऊ दिलं. त्रास दुसऱ्या वेळी जास्त वेळ झाला. तरी ‘यातलं कुठलं पुन्हा कराल’ विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट थोडा बरा होता. दिवसभराची सरासरी मनात राहत नाही. सगळ्यात वरचा क्षण राहतो आणि शेवट राहतो. लेकीचा वरचा क्षण कोस्टरच्या शिखरावर आहे, आणि परतीच्या वाटेवर ती झोपली होती, पार्किंगमधलं अर्धं तिने ऐकलंच नाही. मिस्टरांचा शेवट म्हणजे ते पार्किंग आणि त्यानंतर रात्रीच्या अंधारात चार तास गाडी हाकणं.

माझा स्वतःचा अनुभवही असाच आहे. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर गेलो होतो, मी चौथीत होते. राइड कुठल्या घेतल्या, विचाराल तर दोन-तीन नावांपलीकडे सांगता येणार नाही. पण खाडी ओलांडताना बोटीत वाऱ्याने वडिलांची टोपी उडाली आणि ती पाण्यावर तरंगत लांब गेली, वडील ‘गेली रे गेली’ म्हणत हसत उभे होते, शर्टाची बाही फडफडत होती, हे आत्ता लिहितानाही डोळ्यांपुढे आहे. आईने त्या दिवसासाठी काय काय केलं असेल हे मला ठाऊक नाही. पहाटे पुऱ्या लाटल्या असतील. कधी विचारलं नाही, आता विचारायला ती नाही.

तेव्हा ताई, त्या दिवसाचं मुलांच्या मनात काय राहिलंय हे तुम्ही गृहीत धरू नका, त्यांना विचारा. जेवताना सहज, ‘तिथलं तुला काय आठवतं?’ एवढंच. आणि उत्तर येईल ते ऐका, त्यावर ‘हो, पण ते दशम्यांचं...’ असं काही जोडू नका.

आता सासूबाई. त्या तीन तास बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होत्या, आणि ‘मला काय, मी बसते’ असं म्हणाल्या. आपल्याकडची आजी दुसरं काय म्हणणार? डिस्नेलँडची कल्पना कुठून आली, हे वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलं होतं. शनिवारी ते मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर न्यायचे, मुली फिरायच्या आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तिथे त्यांना वाटलं, मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी. म्हणजे या जागा बाकावर बसलेल्या माणसासाठीच सुचल्या होत्या, आणि आपण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे नेऊन पुन्हा बाकावरच बसवतो. शंभर-दोनशे रुपयांत लॉकर मिळत असेल तर तो सगळ्यात आधी घ्या. दर दोन तासांतला एक भाग आजीच्या पायांना झेपेल असा ठेवा. आगगाडी, एसीतला शो, संध्याकाळची मिरवणूक. ‘कूऽऽ’ ओरडणारी बाई नुसती बसायला आली नव्हती.

दशम्यांचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, तीही पहाटे तीनला उठून सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईने केलेली, ती कचऱ्यात टाकताना त्यांचा चेहरा कसा झाला हे तुम्ही लिहिलंय आणि ते वाचून माझाही घास अडकला. नियम तिकिटावर लिहिलेला असतो, हे खरं. पण बाळाचं खाणं आणि आजारी माणसाचं पथ्याचं खाणं याला बऱ्याच पार्कांत मुभा असते. आधी फोन करून विचारावं, जमलं तर उत्तर ई-मेलवर घ्यावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते, तेव्हा ही बाब लाडाची नाही आणि तिथल्या माणसाला हे शांतपणे सांगता येतं. आणि तरी नाहीच म्हणाले, तर घरातल्या एकाने गाडीपर्यंत परत जायचं, कितीही लांब असो. वीस मिनिटं गेली असती. त्या वेळी तुमच्या वहीत 10.15 ची राइड होती म्हणून ती वीस मिनिटं परवडली नाहीत, बरोबर? सासूबाईंना एकदा जवळ बसवून म्हणा, ‘आई, डबा टाकायला नको होता, माझं चुकलं.’ सबंध दिवसात तुमच्याकडून खरोखर चुकलेली अशी ही एकच गोष्ट मला सापडली, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

मिस्टरांबद्दल. ‘त्यांना फक्त पैसा दिसतो’ असं तुम्ही पार्किंगमध्ये बोललात आणि पत्रातही. मला पत्रात वेगळं दिसलं. पहाटे पाचपासून गाडी चालवलेला, दिवसभर उभा राहिलेला, दुपारी पोरांचं उरलेलं अर्ध सँडविच खाल्लेला आणि पुढे चार तास पुन्हा गाडी चालवायची आहे हे माहीत असलेला माणूस. साडेचारशेची तलवार त्यांच्या डोक्यात तेव्हा तलवार राहिली नसावी. आणि तुम्ही तलवारीची बाजू घेतलीत, कारण धाकट्याचा सकाळचा हिरमोड तुम्हाला कशाने तरी भरून काढायचा होता. दोघंही त्या पोरासाठीच भांडत होतात. हे त्यांना सांगून बघा. पण त्याआधी त्यांना विचारा, तुम्हाला त्या दिवशी काय आवडलं? लेकीबरोबर कोस्टरमध्ये ते बसले होते. तिने हात कसा धरला होता हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नसेल.

दुकानाचा प्रश्न सोपा आहे. प्रत्येक मुलाला सकाळीच रक्कम ठरवून हातात द्यावी, दोनशे म्हणजे दोनशे. आइस्क्रीम खा, तलवार घे, घरी परत आण, तुझं तू ठरव. बाहेर पडायचा रस्ता बहुतेक ठिकाणी दुकानातूनच जातो. थकलेलं मूल आणि थकलेले आईबाप तिथे एकदम पोचतात, म्हणून पैशांचा निर्णय तिथे शिल्लक ठेवूच नये. रात्री चार तास गाडी चालवण्याबद्दल मात्र मी स्पष्ट लिहिते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. दहा तास पायांवर काढलेल्या माणसाने रात्री हायवेवर गाडी चालवू नये. जवळपास साधी खोली घेऊन मुक्काम करा, किंवा चारला निघा. दुकानातली खरेदी वगळली तर खोलीचे थोडे पैसे तिथेच निघतात.

आता जानेवारी. सगळ्यांनी पुन्हा जावं असं मला वाटत नाही, आणि ‘नाव काढू नका’ हेही मला पटत नाही. वाढदिवस लेकीचा आहे, तर लेकीबरोबर एकाच मोठ्या माणसाने जावं. दोन तिकिटं, मधला वार, 26 जानेवारीची जोडून आलेली सुट्टी टाळून. दोघांचीच रांग असली की ती रांगही गप्पांची होते. अकराव्या-बाराव्या वर्षानंतर मुली आपणहून असा सबंध दिवस आपल्याला देतील याची खात्री नसते. कोणी जावं? माझं मत विचाराल तर तुम्ही. मिस्टरांचा कोस्टर झाला आहे, तुमचा राहिलाय. भीती वाटत असेल तर मधल्या सीटवर बसा, शेवटच्या डब्यात बसू नका, तिथे उतारावर जास्त खेचल्यासारखं वाटतं. नजर समोर रुळावर ठेवा, डोळे मिटले तर उलट जास्त मळमळतं. मानेचा किंवा पाठीचा त्रास असेल, रक्तदाब असेल, तर मोठ्या राइडचा हट्ट नको, छोटी घ्या. वही नेऊ नका. लेकीला सांगा, तीन गोष्टी तू निवड, एक मी निवडणार. चार झाल्या की मोकळे. एखादी जास्त मिळाली तर मिळाली. आणि सगळ्यात आवडलेली राइड, रांग छोटी असेल तर, निघायच्या आधी पुन्हा एकदा घ्या.

रांग टाळायचं महागडं तिकीट घ्यावं का, असं तुम्ही ताजा कलम लिहून विचारलंय. पाच जणांसाठी अजिबात नको. मधल्या वारी गेलात तर त्याची गरजही पडत नाही.

त्या दिवशी धाकटा घरी बाबा आणि आजीबरोबर राहील. ‘ताई गेली आणि मला नेलं नाही’ असं होईल, ते होऊ द्या, पण त्याचाही बेत आधीच ठरलेला असू दे, आणि तो त्याने ठरवलेला असावा. गावातल्या जत्रेत पाळणा लागला असेल तर तोही चालेल. तिथे ड्रॅगनच्या गाडीत बसायला 120 सेंटिमीटर कोणी मागत नाही. पण आईबापांनी स्वतः बघून घ्यावं, दांडा घट्ट बसतो का आणि चालवणारा माणूस लक्ष देतोय का. उंचीची अट मुलांचा अपमान करायला ठेवलेली नसते. छातीवरचा किंवा मांडीवरचा दांडा ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकतं. धाकट्याला हे सांगितलंत का? ‘तू लहान आहेस’ आणि ‘ती खुर्ची अजून तुझ्या मापाची नाही’ या दोन वाक्यांत साडेसहा वर्षांच्या मुलाला मोठा फरक वाटतो. त्याला तेव्हा रडू दिलंत का, की लगेच आइस्क्रीम हातात दिलंत? महिनाभर तो ज्याची वाट बघत होता ते तीन सेंटिमीटरनी हुकलं. हे दुःख खरं आहे, त्याला थोडा वेळ द्यायला हवा होता. अजूनही देता येईल.

या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीन सेंटिमीटरला सहा-सात महिने धरा. पावसाळा संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरातला एखादा मधला वार त्याचा, आणि तेव्हा सगळे जा. निघण्याआधी घरीच मोजा, बूट काढून, टाच भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा जवळपास सेंटिमीटरभर बुटका भरतो, म्हणून 120 च्या काठावर असेल तर एवढ्या लांब नेऊच नका, चांगला 122 होऊ द्या. आजच स्वयंपाकघराच्या चौकटीवर 117 ची पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख, आणि वर 120 ची लाल रेघ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला उभं करा. त्याची आजी मोजेल.

आणि ते चित्र. तुम्ही लिहिलंय की त्याने खांब काढला आणि शेजारी स्वतःला. खांबापेक्षा तो उंच आहे की बुटका, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चित्र शाळेत असेल तर बाईंकडे मागा, त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा, ‘यात काय चाललंय रे?’ तो काय म्हणाला ते मला कळवा.